कळांच्या वेळी जवळ कोण?

१९९१ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात ह्यूस्टनच्या एका सरकारी रुग्णालयातला प्रयोग छापून आला. जॉन केनेल, मार्शल क्लाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६१६ निरोगी पहिलटकरणींचे तीन गट पाडले होते. पहिल्या गटात प्रत्येकीजवळ बाळ होईपर्यंत एक शिकवून तयार केलेली सोबतीण होती. ती हात धरायची, पाठ चोळायची, काय चालले आहे ते समजावून सांगायची. दुसऱ्या गटात एक बाई खोलीत बाजूला बसलेली असे. तिने बोलायचे नाही, हात लावायचा नाही, दिसेल ते फक्त टिपून ठेवायचे. तिसऱ्या गटाला रुग्णालयाची नेहमीची सेवा. सीझरचे प्रमाण तिसऱ्या गटात १८ टक्के निघाले, दुसऱ्यात १३ आणि पहिल्यात ८. पाठीच्या कण्याजवळ सुई घालून देतात त्या भुलीचे, म्हणजे एपिड्युरलचे, प्रमाण याच क्रमाने सुमारे ५५, २३ आणि ८ टक्के होते. सोबतीणीचा गुण येणार हे संशोधकांना अपेक्षितच असावे. थबकायला होते ते मधल्या आकड्यापाशी. जिने काहीच केले नाही तिच्या नुसत्या बसण्यानेही भूल घेणाऱ्यांची संख्या निम्म्याखाली आली. कोणीतरी टिपून घेते आहे म्हटल्यावर डॉक्टर आणि नर्स अधिक सांभाळून वागले असतील, अशी शंका घेता येईल. ती खरी धरली तरी मुद्दा दुबळा होत नाही. खोलीत एक जागते माणूस असले की खोलीच बदलते, एवढे त्यातूनही दिसतेच.

प्रसूतीच्या वेदना औषधाविना कशा सोसता येतील याची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा तंत्रांपासून सुरू होते आणि तंत्रांपाशीच संपते. श्वास कसा घ्यायचा, अंग सैल कसे सोडायचे, कोणते संगीत लावायचे, कोणते आसन करायचे. मिडवाइफ किंवा सोबतीण हा विषय या चर्चेत निराळ्या खात्यात पडतो. तिच्याबद्दल बोलायचे ते मनुष्यबळ, पगार आणि सरकारी योजना यांच्या भाषेत. गेल्या चाळीसेक वर्षांतला पुरावा एकत्र ठेवून वाचला तर ही विभागणी टिकत नाही. शिथिलीकरणाची तंत्रे उपयोगी आहेत, पण एकट्याने वापरली तर त्यांचा गुण माफक आहे. जवळ बसून ती करवून घेणारे माणूस असले की चित्र पालटते. तेव्हा कोणते तंत्र चांगले यापेक्षा ते करवून घ्यायला आत कोण आहे, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

तंत्रांचा इतिहास पाहिला तरी हेच दिसते. इंग्लंडमधला प्रसूतितज्ज्ञ ग्रँटली डिक-रीड याने १९३३ मध्ये नैसर्गिक प्रसूतीवरचे आपले पुस्तक काढले आणि पुढे भीती, ताण, वेदना अशी एक साखळी मांडली. भीतीने स्नायू आवळतात, आवळल्याने दुखते, दुखल्याने भीती वाढते. त्याच सुमारास अमेरिकेत एडमंड जेकबसन एकेक स्नायू आधी ताणून मग सोडण्याची पद्धत शिकवत होता; मूठ घट्ट आवळा, मग सोडा, आणि सोडल्यावर कसे वाटते तिकडे लक्ष द्या. तिकडे सोव्हिएत रशियातल्या डॉक्टरांनी पाव्हलॉव्हच्या प्रतिक्षिप्त क्रियांच्या सिद्धांतावरून प्रसूतीची मानसिक तयारी बेतली. फर्नांड लमाझ या फ्रेंच डॉक्टरने १९५१ साली तिथे जाऊन ती पाहिली आणि पॅरिसमधल्या धातुकामगार संघटनेच्या प्रसूतिगृहात ती आणली. लमाझचे नाव श्वासाच्या व्यायामाशी इतके चिकटले की मूळ पद्धतीत बाईजवळ सतत एक शिकलेली मार्गदर्शक असे, ही गोष्ट मागे पडली. डिक-रीडच्या विचारात त्या काळचा गंडही पुरेपूर होता. ‘आदिम’ बायकांना फारसे दुखत नाही आणि सुशिक्षित इंग्रज बायकांनी वेदनेच्या धास्तीने मुले कमी होऊ देऊ नयेत, असे त्याला वाटे. त्यामुळे ‘मनात आणले तर दुखणार नाही’ हा निरोप बायकांना उपदेशासारखा ऐकू आला, आणि ज्यांना दुखले त्यांच्या वाट्याला वर अपराधीपणा आला. वेदनेच्या आधुनिक शास्त्राचा एक जनक रोनाल्ड मेलझॅक याने १९८०च्या दशकात माँट्रिऑलमधल्या बाळंतिणींच्या वेदना मोजल्या. पहिलटकरणींच्या वेदनेचे सरासरी गुण त्याच्या मापनात सर्वांत तीव्र दुखण्यांच्या रांगेत बसले. पूर्वतयारीच्या वर्गांनी त्यात घट झाली, पण थोडीच. वेदनाविरहित प्रसूती हे मिथक आहे, असे त्याने शीर्षकातच लिहिले.

दुखणे खरे आहे हे मान्य केले म्हणजे भीतीची गोष्ट खोटी ठरते असे मात्र नाही. डिक-रीडचा अंदाज एका बाबतीत बरोबर होता. गर्भाशयाचे आकुंचन ऑक्सिटोसिन या संप्रेरकाच्या जोरावर चालते आणि भेदरलेल्या शरीरात वाढणारे अॅड्रिनलिन त्या कामात आडवे येते. १९७८ मध्ये रेजिना लेडरमन आणि सहकाऱ्यांनी कळांच्या काळात बायकांच्या रक्तातली अॅड्रिनलिनसारखी द्रव्ये मोजली. ज्यांची चिंता जास्त होती त्यांच्यात अॅड्रिनलिन जास्त सापडले, अॅड्रिनलिन जास्त असलेल्यांच्या कळांचा जोर कमी होता आणि त्यांची प्रसूती लांबली. म्हणजे अनोळखी खोली, झगझगीत दिवे, शेजारच्या टेबलावरचा आक्रोश आणि ‘ओरडू नको’ असा दम, यांचा परिणाम मनावर होऊन थांबत नाही. तो गर्भाशयापर्यंत पोचतो. मग कळा मंदावल्या म्हणून सलाइनमधून कळांचे औषध चढते, त्या कळा आधीपेक्षा तीव्र असतात, त्याने घबराट वाढते. ही साखळी तोडायची असेल तर बाईला सुरक्षित वाटायला हवे. सुरक्षितता ही भावना माणसाला श्वासाच्या व्यायामाने येऊ शकते, पण ओळखीच्या हाताने ती लवकर येते.

आता पुरावा. प्रयोगांची छाननी करून त्यांचा एकत्रित निष्कर्ष काढणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा शिथिलीकरणावरचा आढावा २०१८ साली आला. श्वसन, स्नायू सैल सोडणे, योग, संगीत अशा पद्धतींवरचे, एकूण अडीच हजारांच्या आसपास बायकांचे १९ अभ्यास त्यात होते. शिथिलीकरणाने वेदना दहापैकी साधारण एका गुणाने उतरली. योग आणि संगीत यांबाबतही काही अनुकूल निकाल होते, पण अभ्यास लहान आणि पुराव्याचा दर्जा कमी. सीझर कमी होतात की नाही हे यातून ठरवता आले नाही. मालिश आणि शेक यांचा निकाल थोडा बरा आहे. कळांच्या पहिल्या टप्प्यात त्यांनी वेदना घटते. सर्वांत ठोस निष्कर्ष एका साध्या गोष्टीबद्दल आहे, आणि तिला कोणी तंत्रही म्हणत नाही. २५ प्रयोगांतल्या पाच हजारांहून अधिक बायकांच्या आकडेवारीत, कळांच्या काळात उभे राहणे, चालणे, बसणे यांमुळे पहिला टप्पा सरासरी सव्वा तासाहून अधिक कमी झाला, आणि सीझरचे व एपिड्युरलचे प्रमाणही उतरले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये प्रसूतिकाळातल्या सेवेसाठी ५६ शिफारशी केल्या. त्यांत श्वसन, स्नायूंचे शिथिलीकरण, संगीत, मालिश आणि गरम शेक ही सारी आहेत, पण ज्या निरोगी बाईला वेदनाशमन हवे असेल तिच्यासाठी एक पर्याय म्हणून. आपल्या शहरांतून गर्भसंस्काराचे वर्ग, त्यांची पुस्तके आणि ध्वनिफिती यांची बाजारपेठ ज्या आत्मविश्वासाने चालते, त्याला या पुराव्याचा आधार नाही. त्यातला श्वासाचा भाग उपयोगाचा असू शकतो. पण सहा महिने गिरवलेला श्वास लेबर रूमच्या दारात विसरला जातो, कारण तिथे त्याची आठवण करून द्यायला कोणी नसते.

ती आठवण कशी करून दिली जाते ते जरा जवळून पाहू. कळा भरात आल्या की एकेक कळ साधारण मिनिटभर टिकते आणि दोन कळांमध्ये दोन-तीन मिनिटांची उसंत मिळते. कळ चढू लागली की बाईचे खांदे कानांकडे सरकतात, जबडा आवळतो, मुठी वळतात, पायाची बोटे आकसतात आणि श्वास वरच्या वर अडकतो. जाणत्या मिडवाइफचे डोळे नेमके या ठिकाणी असतात. ती ‘रिलॅक्स’ म्हणत नाही, कारण त्या क्षणी तो शब्द बाईच्या डोक्यात शिरतच नाही. ती खांद्यावर हात ठेवते आणि हाताच्या वजनानेच खांदा खाली येतो. ‘ओठ सैल सोड, फुंकर घाल, लांब फुंकर’ असे म्हणत ती स्वतः फुंकर घालते आणि बाई तिच्या लयीत येते. किंचाळी वर चढू लागली तर ‘खालच्या आवाजात हुंकार दे’ म्हणते, कारण घसा मोकळा ठेवून काढलेल्या खोल आवाजाबरोबर श्वासही लांबतो. कंबर फुटतेय असे वाटत असेल तर माकडहाडाच्या वर तळहाताच्या टाचेने ती जोर लावून धरते, कळ ओसरेपर्यंत, स्वतःच्या मनगटाला कळ लागली तरी. मधल्या उसंतीत घोटभर पाणी, कपाळाला ओला कपडा, कूस बदलणे, चार पावले चालवणे, लघवीला नेऊन आणणे. मग पुन्हा कळ. पहिलटकरणीच्या बाबतीत हे दहा-बारा तास चालू शकते. या साऱ्याला तंत्र म्हणायचे तर म्हणा, पण त्यातली एकही गोष्ट भिंतीवर तक्ता लावून होत नाही. कोणत्या कळेला हात लावायचा आणि कोणत्या कळेला लावायचा नाही, हे बाईच्या चेहऱ्याकडे बघत बसल्याशिवाय कळत नाही.

अशा बसण्याची मोजदाद करण्याची सुरुवात ग्वाटेमालात झाली. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात बाईला पूर्वी कधी न भेटलेली, वैद्यकाशी संबंध नसलेली एक स्त्री तिच्याजवळ ठेवली होती. अडचणी न येता प्रसूत झालेल्या वीस-वीस बायकांची तुलना केली तेव्हा सोबत असलेल्यांना सरासरी ८.८ तास लागले आणि एकट्या असलेल्यांना १९.३. हा फरक डोळे दिपवणारा आहे, पण गट लहान होता हे विसरता कामा नये. मला या प्रयोगातला दुसराच तपशील बोलका वाटतो. बिनअडचणीच्या वीस प्रसूती मिळण्यासाठी सोबतीच्या गटात ३३ बायका घ्याव्या लागल्या आणि एकटीच्या गटात १०३. पुढे जगभर प्रयोग झाले. २०१७च्या कॉक्रेन आढाव्यात १७ देशांतल्या २६ प्रयोगांची आणि १५,८५८ बायकांची माहिती एकत्र केली गेली. अखंड सोबत मिळालेल्यांमध्ये सीझरचे प्रमाण सुमारे चतुर्थांशाने कमी, प्रसूतीचा काळ चाळीसेक मिनिटांनी कमी, वेदनाशामकांचा वापर कमी, जन्मल्यावर पाच मिनिटांनी मलूल असणारी बाळे कमी, आणि बाळंतपणाची वाईट आठवण घेऊन जाणाऱ्या बायकाही कमी. तोटा एकही आढळला नाही. एखाद्या गोळीने हे सगळे साधले असते तर ती न देणाऱ्या डॉक्टरला कोर्टात खेचले असते.

याच ढिगात एक प्रयोग असा आहे, जो सोबतीच्या पुरस्कर्त्यांना अडचणीचा वाटतो आणि म्हणूनच सर्वांत जास्त शिकवतो. एलन हॉडनेट यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या १३ रुग्णालयांत ६,९१५ बायकांवर प्रयोग केला. तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. इथे सोबत करणाऱ्या होत्या रुग्णालयाच्याच नर्स, त्यांना या कामाचे दोन दिवसांचे शिक्षण दिलेले. सीझरचे प्रमाण सोबत असलेल्यांत १२.५ टक्के आणि नसलेल्यांत १२.६ निघाले, म्हणजे फरक शून्य. बायकांना सोबत आवडली, पुढच्या वेळीही हवी असे त्यांनी सांगितले, पण सुरी चालायची तितकीच चालली. सोबत निरुपयोगी असते असा याचा अर्थ लावावा का? इतर प्रयोगांशी ताडून पाहिले तर वेगळे उत्तर मिळते. आधीच्या कॉक्रेन आढाव्यांत असे दिसले होते की सोबतीण रुग्णालयाची नोकर नसेल आणि एपिड्युरल सरसकट मिळत नसेल अशा ठिकाणी सोबतीचा गुण अधिक येतो. नर्सची निष्ठा दुभंगलेली असते. बाईचा हात तिच्या हातात असला तरी कान डॉक्टरच्या हाकेकडे आणि डोळे यंत्राच्या पडद्याकडे. ज्या रुग्णालयाची सगळी घडी वेगावर आणि हस्तक्षेपावर बसली आहे, तिथे चार गोड शब्द शिकवलेली एक कर्मचारी वाढवून घडी बदलत नाही. एपिड्युरलबाबतची दुसरी अट मात्र आपल्या सरकारी रुग्णालयांना तंतोतंत लागू पडते.

मिडवाइफ इथे येते. ती नुसती सोबतीण नाही आणि नुसती नर्सही नाही. सरळ प्रसूती स्वतःच्या अखत्यारीत करण्याचा तिला परवाना असतो आणि वाकडे वळण दिसताच डॉक्टरला बोलावणे ही तिची जबाबदारी असते. गरोदरपणापासून बाळंतपणापर्यंत तीच ती मिडवाइफ किंवा तोच तो लहान गट सेवा देतो, अशा व्यवस्थेचा आढावा २०१६ मध्ये आला; १५ प्रयोग, १७,६७४ बायका. भूल कमी, चिमटे-व्हॅक्यूम कमी, दिवस भरण्याआधी होणाऱ्या प्रसूतीही कमी. सीझरमध्ये मात्र स्पष्ट फरक नव्हता. हे प्रयोग ऑस्ट्रेलिया, कॅनडा, आयर्लंड आणि ब्रिटन इथले होते, हेही सांगायला हवे. आपल्याकडे या कामाचे नाव शिल्लक आहे, काम गेले आहे. एएनएम आणि जीएनएम या अक्षरांतला शेवटचा एम मिडवाइफचाच. पण उपकेंद्रातल्या एएनएमचा दिवस लसीकरण, सर्वेक्षण आणि नोंदवह्या यांत जातो. जिल्हा रुग्णालयातली जीएनएम आज प्रसूतिकक्षात तर उद्या शस्त्रक्रियेच्या विभागात. हातात बसलेले कौशल्य बदलीबरोबर वाहून जाते.

त्याआधी सुईण होती. तिच्याबद्दल हळवे होण्याचा मोह टाळावा. गावगाड्यात हे काम बहुधा दलित जातींतल्या बायकांकडे असे, कारण रक्त आणि नाळ यांचा विटाळ सवर्ण घरांना नको होता. तिचा हात हवा होता, तिची सावली नको होती. मिळेल त्या पात्याने नाळ कापल्यामुळे धनुर्वाताने बाळे जात. नवजात बाळांचा धनुर्वात भारतातून हटल्याचे शिक्कामोर्तब २०१५ साली झाले, आणि त्यात लस व दवाखान्यातली प्रसूती या दोहोंचा वाटा मोठा आहे. अडलेली बाळंतीण मोकळी व्हावी म्हणून तिचे केस आणि घरातल्या गाठी सोडणे, एवढाच उपाय कित्येकदा हाती असे. तरी तिच्याकडे एक गोष्ट होती, जी दवाखान्याने उचलली नाही: ती उठून जात नसे. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या, बऱ्याचदा निरक्षर बायकांना शिकवून आरोग्यसेविका केले. तेव्हा नव्या ज्ञानाला हे जुने बसणे जोडता येते, हे महाराष्ट्रात फार पूर्वी दिसून आले होते.

आजची स्थिती आकड्यांत मांडायला सोपी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६ मध्ये देशातल्या ३८.७ टक्के प्रसूती दवाखान्यात होत; २०१९-२१ मध्ये ८८.६ टक्के, महाराष्ट्रात ९४.७. मातामृत्यूचे प्रमाण २०१८-२० मध्ये देशात लाखाला ९७ होते, महाराष्ट्रात ३३. हे यश मोठे आहे. पण त्याच सर्वेक्षणात देशातल्या खासगी दवाखान्यांतले सीझरचे प्रमाण ४७.४ टक्के आहे आणि सरकारी दवाखान्यांतले १४.३, महाराष्ट्राचे एकूण प्रमाण पंचवीस टक्क्यांवर गेले आहे. एकीकडे गरज नसताना पोट कापले जाते, दुसरीकडे सरकारी लेबर रूममध्ये बाई एकटी उताणी पडून राहते. उताणे पडणे ही कळा सोसायला आणि बाळाला रक्त पोचायला सर्वांत गैरसोयीची स्थिती. ती चालू आहे कारण तपासणाऱ्याला ती सोयीची आहे. आणि कळा सोसवेनात म्हणून ओरडणाऱ्या बाईला ‘तेव्हा कळलं नाही का’ हा टोमणा. तो कोणत्या एका रुग्णालयाचा नाही. देशातल्या अनेक भाषांतून तो बायकांनी ऐकला आहे. या खोलीत बाईची खरी सोबत बहुतेकदा वॉर्डातली मावशी करते. सिस्टर नोंदी करत असतात, डॉक्टर दुसऱ्या टेबलापाशी असतात, आणि फरशी पुसता पुसता मावशी म्हणते, ‘झालं हं बाय, थोडंच राहिलं.’ तिच्या कामाच्या यादीत हे वाक्य नाही.

घरचे माणूस आत का नको, याची कारणे ठरलेली आहेत. एकाच खोलीत चार-पाच टेबले, नातेवाईक आले तर गर्दी होईल, जंतू येतील, दुसऱ्या बायकांची लाज राहणार नाही, आणि काही बरेवाईट झाले तर हाणामारी होईल. शेवटचे कारण सोडले तर बाकीची सगळी पडद्याने आणि स्वच्छ कपड्यांनी सुटणारी आहेत. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतीणीला परवानगी दिली. तिला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, पूर्ण वेळ थांबावे, कर्मचाऱ्यांच्या कामात लुडबूड करू नये, आणि ती स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी. जिथे आडोशाची सोय आहे तिथे नवराही चालेल. २०१७च्या अखेरीस सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ या प्रसूतिकक्ष सुधारण्याच्या कार्यक्रमातही सन्मानाने वागवणे आणि सोबत या गोष्टी आहेत. हाणामारीच्या भीतीबद्दल एवढेच म्हणता येईल की संशय बंद दाराआड वाढतो. दहा तास आत काय चालले होते ते जिने डोळ्यांनी पाहिले आहे, ती बाहेरच्या जमावाला अधिक खरे सांगू शकते. आदिवासी भागांत बाळंतपणाआधी येऊन राहण्याच्या सोयीला आपल्या राज्याने ‘माहेरघर’ असे नाव दिले आहे. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायचे ते आई जवळ हवी म्हणून, हे नाव ठेवणाऱ्याला ठाऊक होते. मग त्या आईला लेबर रूमच्या दारात थांबवण्यात काय हशील?

यापेक्षा गंभीर आक्षेप दुसरा आहे. मिडवाइफ आणि नैसर्गिक प्रसूती यांचा आग्रह धरताना धोक्याकडे डोळेझाक होते. हा आक्षेप काल्पनिक नाही. इंग्लंडमधल्या श्रुजबरी आणि टेलफर्डच्या रुग्णालयांवरचा डोना ऑकेंडेन यांचा अहवाल मार्च २०२२ मध्ये आला. १,४८६ कुटुंबांची प्रकरणे तपासून त्यांनी म्हटले की अधिक चांगली सेवा मिळती तर २०१ बाळे वाचू शकली असती. त्या रुग्णालयांचे सीझरचे प्रमाण राष्ट्रीय सरासरीपेक्षा बरेच कमी होते आणि त्याचे वर्षानुवर्षे कौतुक होत होते. सीझर कमी ठेवणे हेच ध्येय झाले की असे होते. ब्रिटनमधल्या मिडवाइफांच्या राजमान्य संस्थेने ‘नॉर्मल’ प्रसूतीची आपली मोहीम २०१७ मध्ये आवरती घेतली होती. इंग्लंडच्या आरोग्यसेवेने पुढे सीझरच्या टक्केवारीवरून रुग्णालय जोखणेच थांबवायला सांगितले. या अहवालाने सोबतीविरुद्ध पुरावा दिलेला नाही. त्यातल्या कहाण्यांत पुन्हा पुन्हा येते ते आईचे म्हणणे न ऐकणे, बाळाचे ठोके नीट न पाहणे, वरिष्ठांना वेळेवर न कळवणे. सतत जवळ असलेल्या माणसाला बिघाड आधी दिसतो, अट इतकीच की ते माणूस विचारसरणीशी बांधलेले नसावे आणि त्याच्या हाकेला डॉक्टर लगेच यावा. भारताच्या २०१८च्या मिडवाइफरी मार्गदर्शक सूचनांत मिडवाइफचा कक्ष मोठ्या रुग्णालयाला जोडून ठेवण्याची कल्पना आहे. ती म्हणूनच शहाणपणाची आहे. घरी प्रसूती करण्याची भलामण त्यात नाही, आणि नसावी.

तिसरा आक्षेप सरळ विचारतो: भूल उपलब्ध असताना सोसायचे कशाला? सोसू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्या यादीत श्वसन आणि मालिश आहे, त्याच यादीत एपिड्युरलही आहे, आणि त्याने सीझर वाढतात ही समजूत नव्या आढाव्यात टिकलेली नाही. सहनशीलता हा स्त्रीधर्म आहे, असा सूर शिथिलीकरणाच्या नावाखाली लावला जातो तेव्हा त्याचा निषेधच करायला हवा. पण तालुक्याच्या रुग्णालयात रात्री अडीच वाजता भूलतज्ज्ञ नसतो, आणि तो नाही म्हणून बाईला काहीच न देणे हा कोणता न्याय? शिवाय एपिड्युरलने वेदना जाते, एकटेपण जात नाही. ज्या देशांत भूल सहज मिळते तिथेही बायका सोबत मागतात ती याचसाठी.

तेलंगणात करीमनगरला २०१७ मध्ये फर्नांडिस रुग्णालयाच्या सहकार्याने नर्सना दीड वर्षाचे मिडवाइफरीचे शिक्षण देण्याची सुरुवात झाली, आणि पुढे देशासाठी ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी’ हे पद आणि त्यासाठीचे १८ महिन्यांचे शिक्षण आखले गेले. २०२३च्या कायद्याने स्थापायच्या राष्ट्रीय आयोगाच्या नावात परिचर्येबरोबर मिडवाइफरीही आली. कागदावर दिशा बरोबर आहे. धोका आहे तो हॉडनेटच्या प्रयोगाने दाखवलेला: शिकवलेल्या बाईला जुन्याच खोलीत, जुन्याच अधिकाराखाली, बदलीच्या जुन्याच यादीत टाकणे. मिडवाइफला प्रसूतिकक्षाबाहेर हलवायचे नाही, सरळ प्रसूतीत निर्णय तिचा, बाईला चालवायचे की झोपवायचे हे ती ठरवणार, आणि तिने बोलावले की प्रसूतितज्ज्ञाने यायचे. एवढे लेखी झाले नाही तर तीही सहा महिन्यांत नोंदवह्या लिहू लागेल. अशा मिडवाइफ तालुक्यापर्यंत पोचायला वर्षे लागतील. घरातली अनुभवी बाई आत नेण्याला मात्र पदनिर्मिती लागत नाही, निधी लागत नाही; त्याची परवानगी २०१६ पासून आहे. म्हणून दवाखान्यात नाव घालाल त्याच दिवशी सोनोग्राफीच्या तारखेबरोबर आणखी एक गोष्ट विचारून घ्या: कळांच्या वेळी आत हिच्याजवळ कोण थांबणार? आणि उत्तर ‘आमच्याकडे तशी पद्धत नाही’ असे आले, तर ती परवानगी दाखवा.